तुळस का जगत नाही?

(जुळे सोलापुरातील घरबागेविषयी थोडे अनुभवाचे बोल)

कु. — बी. ए. भाग दोन

आमच्या घरासमोरच्या वृंदावनात गेल्या पाच वर्षांत सात तुळशी लागल्या आणि त्यांपैकी सहा वाळून गेल्या. सातवी आज उभी आहे, आणि तिच्याच बळावर हा लेख लिहिण्याचे धाडस मी करीत आहे. मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी नव्हे; माझा विषय भूगोल. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आजी-आजोबा मोहोळ तालुक्यात दुसऱ्याच्या रानात राबले, वडील चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करतात आणि आई घरी शिवण शिवते. तेव्हा 'उद्यानविद्या' हा शब्द मला पुस्तकात भेटला असला, तरी मातीत हात घालणे मात्र आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. गुरुजनांनी आणि मित्रमैत्रिणींनी या लिखाणाकडे त्याच दृष्टीने पाहावे, ही विनंती.

तुळस वाळली की घराघरांत जे बोलले जाते ते आमच्याकडेही बोलले गेले. पहिली गेली तेव्हा दृष्ट लागली म्हणाले. दुसरी गेली तेव्हा वास्तूत दोष असावा, असे ठरले. चौथी गेली तेव्हा मी अकरावीत होते. शेजारच्या एक काकू आईला हळूच, पण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "घरात वयात आलेली पोरगी आहे. अडचणीच्या दिवसांत सावली पडली असणार तुळशीवर." आई काही बोलली नाही. मात्र त्या महिन्यापासून चार दिवस मी मागच्या दाराने ये-जा करावी, असे न सांगता ठरून गेले. पाचवी तुळस आईने स्वतः लावली, मी तिच्या वाऱ्यालाही उभी राहिले नाही, आणि तरीही ती श्रावण सरताना काळी पडून गेली. तेव्हा मात्र मला राहवेना. घरी कोणी नसताना मी खुरपे घेतले आणि ती तुळस मुळासकट उपटून काढली.

जे दिसले ते लिहिते. मुळे पांढरी, ताठ असायला हवीत. ती तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती. बोटाने ओढताच वरची साल निघून आत नुसता दोरा उरत होता. मातीला गटारासारखा वास येत होता. आजी मंदिरातून परतली आणि माझ्या हातातला तो प्रकार पाहून ओरडण्याऐवजी तिने मूळ हातात घेऊन वास घेतला. "अगं, मुळ्या कुजल्यात की हिच्या. पाणी घालता का बुडवून मारता?"

मग आम्ही दोघींनी हिशेब केला. सकाळी आई एक तांब्या घालते. अंघोळीनंतर आजी एक घालते. कारखान्याला जाताना वडील एक घालतात. ज्यांच्या दारात वृंदावन नाही अशा दोन शेजारणी आमच्याच तुळशीला येतात. म्हणजे रोज पाच तांबे, आणि पावसाळ्यात वरून पाऊस निराळाच. एवढे पाणी जाणार कुठे? वृंदावन गवंड्याने विटा-सिमेंटचे बांधलेले, चारी बाजूंनी गिलावा केलेला, आणि तळाला छिद्र म्हणून नाही! ते वृंदावन नव्हते, हौद होता. आमच्या सहाही तुळशी भक्तीने मेल्या, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

(सहाव्या तुळशीचे पाप माझ्या माथी आहे. कारण कळल्यावरही मी फक्त पाणी कमी केले, माती तशीच ठेवली. ते पुरेसे नव्हते. का, ते पुढे येईलच.)

मुळे पाणी पितात हे आपण शाळेत शिकतो. पण मुळे श्वासही घेतात हे विसरतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते. त्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळांचा प्राणवायू तुटतो, ती गुदमरतात आणि ओलीत वाढणारी बुरशी त्यांच्यावर पसरते. मुळे गेली की झाड पाणी ओढू शकत नाही, म्हणून पाने मरगळतात. पाने मरगळली की आपण म्हणतो, बिचारीला तहान लागली, आणि आणखी एक तांब्या ओततो. तहानेने मरणारे आणि बुडून मरणारे झाड वरून सारखेच दिसते. फरक खाली असतो.

माती

आपल्या भागातील काळी माती म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातली 'रेगूर'. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन ती तयार झाली. तिच्यातील चिकणमाती मॉन्टमोरिलोनाइट जातीची असते. ती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. उन्हाळ्यात रानातल्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो, तो यामुळेच. ज्वारीला हा गुण फार उपकारक आहे. पावसाळ्याच्या अखेरीस मुरलेल्या ओलीवर मंगळवेढ्याकडची मालदांडी फारसे वरचे पाणी न घेता थंडीत पिकते. पण हीच माती डब्यात किंवा कुंडीत नुसती भरली तर तिचे दोनच अवतार राहतात : ओली असताना चिखल, वाळली की वीट. वाळलेल्या कुंडीत पाणी ओतले तर ते कडेच्या भेगेतून थेट खाली जाते. आपल्याला वाटते झाड भिजले, आणि मधला गोळा कोरडाच असतो.

जुळे सोलापुरात याला आणखी एक फाटा आहे. विजापूर रोड आणि होटगी रोड यांच्या मधल्या या वस्तीत बहुतेक घरे काळ्या रानावर उभी आहेत. काळी माती फुगून भिंतींना तडे जातात म्हणून घर बांधताना मुरमाचा भराव घालतात. त्यामुळे आमच्या अंगणात वीतभर खणले की मुरूम लागतो, त्यात सिमेंटचे ढेकूळ, चुना, फरशीचे तुकडे. आणि त्याखाली पुन्हा काळी माती. वरून मुरलेले पाणी त्या काळ्या थरावर तुंबते. १४ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत आमच्या अंगणात दोन दिवस पाणी साचले होते. त्यानंतर महिन्याभरात नऊ वर्षांचे लिंबाचे झाड पान पान गाळून उभ्या उभ्या वाळले. ते लिंबू आईने घर झाले त्या वर्षी लावले होते. त्या वेळी आम्हाला कारण कळले नाही; तुळशीची मुळे पाहिल्यावर कळले. अशा अंगणात झाड खड्ड्यात न लावता हातभर उंच मातीचा वरंबा करून त्यावर लावावे, म्हणजे मुळांचा गळा पाण्याबाहेर राहतो.

कुंडीसाठी आता आम्ही जे मिश्रण करतो ते असे : एक पाटी काळी माती, एक पाटी कुजलेले शेणखत किंवा घरचे खत, आणि एक पाटी भरड वाळू किंवा चाळलेला मुरूम. हे प्रमाण काही वेदवाक्य नव्हे. मूठभर ओलसर मिश्रण दाबून लाडू करावा आणि बोटाने टिचकी मारावी; लाडू फुटला तर माती योग्य, नुसता चेपला तर वाळू वाढवावी, आणि लाडूच झाला नाही तर माती वाढवावी. कुंडी विकत घ्यायलाच हवी असे नाही. तेलाचे पंधरा लिटरचे डबे, रंगाच्या बादल्या चालतात. तळाला बोटाएवढी पाच-सहा छिद्रे पाडावीत, प्रत्येक छिद्रावर खापरी पालथी ठेवावी आणि डबा दोन विटांवर उचलून ठेवावा. गच्चीच्या तापलेल्या स्लॅबवर डबा नुसता टेकला तर छिद्रेही बुजतात आणि मुळेही भाजतात.

डब्याचा खालचा तिसरा हिस्सा आम्ही उसाच्या चिपाडांनी भरतो. ही युक्ती माझी, आणि तिचा मला थोडा अभिमान आहे. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा; उन्हाळ्यात आसऱ्यापासून विजापूर रोडपर्यंत जागोजागी रसवंत्या लागतात आणि संध्याकाळी त्यांच्यामागे चिपाडांचे ढीग पडतात. मागितले तर पोतेभर फुकट मिळते. मात्र ताजी चिपाडे घालू नयेत, गोडाने मुंग्या येतात. ती पाण्यात बुचकळून आठ-दहा दिवस उन्हात वाळवावीत. डबाही हलका होतो, आणि गच्चीवर वजन नको म्हणणाऱ्या वडिलांची तक्रारही कमी होते. चिपाड कुजताना मातीतले नत्र खाते, म्हणून त्यावर खताचा हात थोडा सैल ठेवावा.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांबद्दल एक सांगते. बाहेरगावची रोपे पुष्कळदा चिकट लाल मातीच्या गोळ्यात येतात. तो गोळा तसाच काळ्या मातीत पुरला तर दोन मातींचे जमत नाही. बाहेर ओल आणि आत कोरडे, किंवा उलटे, असे होते. पिशवी फाडल्यावर गोळ्याच्या कडा बोटांनी हलक्या मोकळ्या कराव्यात, वेटोळी झालेली मुळे सोडवावीत, मग लावावे. गुलाब आणला आणि महिन्यात गेला, अशी तक्रार करणाऱ्या माझ्या तीन मैत्रिणींच्या घरी हेच निघाले.

पाणी

आता अवघड भाग. सोलापुरात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मोठा भाग सप्टेंबरात. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर असतो. शहराला पाणी येते ते भीमेवरच्या उजनी धरणातून, शंभरेक किलोमीटरच्या जलवाहिनीने. आमच्या घरी नळाला कधी तीन, कधी चार, कधी पाच दिवसांनी पाणी येते. अशा घरात मुलीने गच्चीवर तीस डबे मांडणे म्हणजे काय, हे जुळे सोलापुरात राहणाऱ्यांना सांगणे न लगे. पहिल्या उन्हाळ्यात वडील एकदाच बोलले, पण ते लागले : "माणसांना प्यायला पुरेना आणि तू डब्यांना पाजतेस." त्यांचे चुकले असे मी म्हणू शकत नाही. नळाचे पाणी भरायला पहाटे तीनला आईच उठते. त्या दिवसापासून मी स्वतःला नियम घालून घेतला की पिण्याच्या पाण्याचा एक थेंबही झाडांना द्यायचा नाही. जे काही करायचे ते एकदा वापरलेल्या पाण्यावर.

यात माझी गुरू आजी. १९७२ च्या दुष्काळात ती सोळा-सतरा वर्षांची, नुकतीच लग्न झालेली होती. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्ल्याच्या गोष्टी ती अजून सांगते. त्या वर्षीही त्यांच्या खोपटापुढे शेवग्याचे एक झाड जगले होते, ते भांडी विसळल्याच्या पाण्यावर. पूर्वी न्हाणीच्या पाण्यावर केळ, अळू, कर्दळ असायचीच. पण आजी एक गोष्ट पुढे जोडते : "तवा आंगाला साबण कुठं हुता? राखेनं भांडी, चिकणमातीनं डोकं. आता तुमच्या पावडरीचं पाणी घातलं तर झाड मरंल न्हाई तर काय?" तिचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात, आणि सोडियम काळ्या मातीचा वैरी आहे. त्याने मातीचे कण सुटे होऊन पोकळ्या बुजतात आणि माती आणखी दगड होते.

म्हणून आम्ही पाण्याची वर्गवारी केली. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी सर्वांत उत्तम. ते भाजीच्या डब्यांना. कपड्यांचे पावडरीचे पहिले पाणी मोरीतच जाऊ द्यायचे. शेवटच्या खंगाळण्याचे अंगणातल्या शेवग्याला आणि बोगनवेलीला, तेही जागा बदलून. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाजूला पडणारे पाणी फुकट जाते म्हणून अनेक जण झाडांना घालतात. पण त्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. फरशी पुसायला ते बरे. बोअरच्या पाण्याचेही असेच. कुंडीच्या कडेला पांढरा थर जमू लागला की समजावे, क्षार साठले. अशा वेळी चांगला पाऊस पडेल तेव्हा डबे उघड्यावर ठेवून खालून पाणी वाहून जाईपर्यंत भिजू द्यावेत, आणि नंतर खत द्यावे. याउलट एअर कंडिशनरमधून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. आमच्याकडे ते यंत्र नाही. समोरच्या घरमालकांची बादली मी दिवसाआड उचलून आणते.

किती घालावे, यापेक्षा घातलेले किती टिकते हा प्रश्न मोठा. इथे मला आजोबांच्या तोंडचे वाक्य आठवते : एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी. ते म्हणणे सोलापूरच्या रानात जुन्या काळापासून आहे. कोळप्याने वरची माती हलवली की भेगा बुजतात आणि खालची ओल वर चढून उडून जाण्याची वाट तुटते. १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. त्यातून पुढे आलेल्या पद्धतीत बांधबंदिस्ती, शेणखत, पातळ पेरणी यांच्याबरोबर वारंवार कोळपणीचाही आग्रह आहे. हे मी कॉलेजच्या ग्रंथालयात वाचले त्या संध्याकाळी घरी जाऊन आजीला सांगितले. ती म्हणाली, "मग? आम्ही काय येड्यावानी कोळपत हुतो व्हय?" डब्यात कोळपे चालत नाही, जुन्या चमच्याने किंवा खुरप्याच्या टोकाने आठवड्यातून एकदा वरचा बोटभर थर हलवावा, एवढेच.

त्यावर आच्छादन. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पाने पडतात तेव्हा लोक ती झाडून पेटवून देतात. मी पोती भरून ठेवते. गेल्या एप्रिलमध्ये मी एक प्रयोग केला : सारखे दोन डबे, सारखी माती, दोन्हींत वांग्याचे सारख्या उंचीचे रोप, दोन्हींना दोन-दोन तांबे पाणी. एकाची माती उघडी, दुसऱ्यावर तीन बोटे पाला आणि चिपाड. उघड्या डब्यातले रोप दुसऱ्या दिवशी दुपारी मान टाकून बसले आणि रात्रीही उठले नाही. झाकलेले चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताठ होते. नळाच्या दोन पाळ्यांमधले अंतर जवळपास तेवढेच! हे दोन डबे मी वडिलांना दाखवले. ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी रसवंतीवरून चिपाडांचे पोते सायकलवर बांधून त्यांनीच आणले.

माठाचा उपयोगही सांगून ठेवते. मातीच्या मडक्याचे तोंड वर ठेवून ते झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरावे, पाणी भरून झाकण ठेवावे. पाणी मडक्याच्या अंगातून पाझरत राहते आणि मुळे तिकडे वळतात. अंगणातल्या मोठ्या झाडांना हे फार सोयीचे. पण घरचा जुना, टाकून दिलेला माठ पुरला आणि पाझर फुटेना, असे माझे झाले. विचार करता उलगडले : ज्या माठात पाणी गार होत नाही म्हणून आपण तो टाकला, त्याची छिद्रे आपल्या जड पाण्यातील क्षारांनी बुजलेली असतात. पाणी गार करणारी आणि झाडाला पाणी पुरवणारी छिद्रे एकच. असा माठ वापरायचाच असेल तर बुडाला खिळ्याने बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात बसवावी.

पाणी द्यायची वेळ आली की नाही हे घड्याळ किंवा वार सांगत नाही, बोट सांगते. बोटाची दोन पेरे मातीत घालावी. ओल लागली तर परत फिरावे. भर दुपारी पाने खाली झुकलेली दिसली तरी घाई करू नये; उन्हात पाने जेवढे पाणी उडवतात तेवढे मुळे त्या क्षणी पुरवू शकत नाहीत, म्हणून ती झुकतात. सूर्य कलल्यावर सावरली तर ठीक. नाही सावरली तर बोट घालून पाहावे.

अनियमित पाण्याचा धडा मला डाळिंबाने दिला. गच्चीवर 'भगवा' डाळिंबाचे एक झाड मोठ्या पिंपात आहे. पहिल्या वर्षी पाच फळे धरली आणि पाचही तडकली. नळ आला की मी पिंप भिजवत होते, मग पाच दिवस कोरडे. कोरड्यात फळाची साल घट्ट होते आणि एकदम पाणी मिळाले की आतले दाणे फुगतात. साल ताणली जाऊन फुटते. जिल्ह्यातल्या डाळिंब बागायतदारांना ही गोष्ट तोंडपाठ आहे. केगावला २००५ पासून डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि मी मात्र त्याच गावात राहून फळे फोडत होते! आता दिवसाआड थोडे थोडे देते. यंदा सहापैकी चार चांगली उतरली.

खताविषयी फार लिहीत नाही, कारण माझी सुरुवातच फजितीची झाली. मी पहिल्या बादलीत उरलेली आमटी, शिळा भात, भाजीची देठे सगळे एकत्र भरून झाकण लावले. आठ दिवसांत अळ्या आणि असा वास की आजीने बादली रस्त्यापलीकडे ठेवायला लावली. शिजलेले, मिठाचे, तेलाचे अन्न त्यात नको. भाजीपाल्याचा प्रत्येक ओला थर घातला की त्यावर दुप्पट सुका पाला, बादलीला बाजूने छिद्रे, आणि आठवड्याला एकदा ढवळणे. एवढे पाळले तर अडीच-तीन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत होते. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे अध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' चालवला आणि 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक लिहिले. घरातला ओला कचरा, पालापाचोळा आणि ऊन यांवर गच्चीतही पिकवता येते, आणि प्रयोग करायला प्रयोगशाळाच लागते असे नाही, हे त्यांच्या कामातून महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत पोहोचले. आमच्या घरात ते फार उशिरा पोहोचले, एवढेच.

झाडे कोणती लावावीत? ज्यांना आपले ऊन मानवते ती. शेवगा, कढीपत्ता, कोरफड, सदाफुली, बोगनवेल, मोगरा, गवती चहा, लिंबू. घरात ठेवायची महागडी शोभेची रोपे आणून ती जगवण्यासाठी पाणी फवारीत बसणे मला पटत नाही. ती हौस ज्यांच्या नळाला रोज पाणी येते त्यांनी करावी. मोगऱ्याला तर उलट थोडी उपासमार हवी असते. डिसेंबरपासून पाणी तोडावे, पाने गळू द्यावी, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास छाटणी करून खत घालावे आणि मग पाणी सुरू करावे. मार्च-एप्रिलमध्ये फुलांनी परडी भरते.

जास्वंदीची दोन दुखणी आमच्याकडे नेहमीची. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर ते लोहाचे दुर्भिक्ष्य. आपल्या मातीत चुनखडी भरपूर, तिच्यामुळे मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून ऊन उतरल्यावर पानांवर फवारावे. मातीत शेणखत वाढवावे. जुनी, खालची पाने सगळीच पिवळी पडत असतील तर मात्र ते नत्राचे काम, तिथे हिराकस व्यर्थ. दुसरे दुखणे पिठ्या ढेकणाचे, शेंड्यावर पांढरा कापूस बसल्यासारखा. फांदी कमी बाधली असेल तर तोडून साबणाच्या पाण्यात बुडवावी. जास्त असेल तर उन्हाळ्यात जमवलेल्या निंबोळ्यांचा गर मूठभर, म्हणजे पन्नासेक ग्रॅम, कुटून फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवावा, सकाळी पिळून गाळावा, चिमूटभर साबण मिसळावा आणि संध्याकाळी फवारावा. एका फवाऱ्याने जात नाही. आठ दिवसांनी पुन्हा.

पाणी साठवणाऱ्या घरांना आणखी एक इशारा. कुंडीखालच्या ताटलीत, उघड्या पिंपात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो. आमच्या गल्लीत एका वर्षी तीन घरांत ताप होता. ताटल्या काढून टाकाव्यात, पिंपांना कापड बांधावे, आठवड्यातून एकदा सगळी भांडी घासून कोरडी करावीत.

आता सातव्या तुळशीकडे येते. गवंडीकाम करणाऱ्या मामांकडून वृंदावनाच्या तळाशी छिन्नीने दोन भोके पाडून घेतली. जुनी माती पूर्ण काढली, वर सांगितलेले मिश्रण भरले. सर्वांनी पाणी घालायचे, पण पळीभरच, असे ठरले. आजीने देवघरातली पळीच तिथे आणून ठेवली, म्हणजे भक्तीही राहिली आणि मुळेही. मंजिरी आल्या की खुडतो, कारण बी धरले की तुळस लवकर जून होते. तसेही ती दोन-तीन वर्षांचेच झाड, ते म्हातारे होऊन गेले तर त्यात कोणाचा दोष नसतो. पहिल्या महिन्यात, त्या चार दिवसांतही, मी रोज सकाळी पुढच्या दाराने बाहेर गेले आणि पळीभर पाणी घातले. आईने पाहिले. दुसऱ्या महिन्यात तिने पुढच्या दाराची कडी स्वतः काढून ठेवली.

तुळशीला आता चौदा महिने झाले. कंबरेएवढी झाली आहे. परवा शेजारच्या त्याच काकू संकोचत दारात आल्या. त्यांची तुळस गेली होती. खुडलेल्या मंजिरींचे बी टाकून मी रोपे केली होती, त्यांतली दोन मी त्यांना एका डब्यात घालून दिली. डबा उलटा करून तळाची भोके दाखवली. "रोज किती घालू गं?" त्यांनी विचारले. मी आत जाऊन आणखी एक पळी आहे का ते शोधू लागले.